स्वतःचे नियम बदलणाऱ्या खेळात खेळाडूंचे हक्क व्यापकच का असावेत

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. सात जणांचा गट नॉमिक, म्हणजे नियम बदलणे हीच मुख्य चाल असलेला खेळ, खेळत आहे, दोन फेऱ्या (प्रत्येकाचा एकेक डाव झाला की एक फेरी) पूर्ण झाल्यामुळे निर्णय आता एकमताऐवजी साध्या बहुमताने होऊ लागले आहेत, आणि खेळाडूंच्या हक्कांचे नियम फार व्यापक शब्दांत असल्यामुळे जवळजवळ प्रत्येक नव्या प्रस्तावावर कोणीतरी त्यांच्या आधारे हरकत घेतो, निवाडा मागतो आणि खेळ अडकून पडतो. म्हणून गटातील काही जणांचे म्हणणे आहे की हे सैल हक्क काढून टाकावेत आणि त्यांच्या जागी नेमक्या शब्दांतील छोटी यादी घालावी. तसे करावे का, असे आपण विचारले आहे. या खेळात बरीच वर्षे खेळाडू आणि निवाडा देणारा अशा दोन्ही भूमिकांत राहिल्यानंतर माझे मत ठाम झाले आहे की तसे करू नये. आपल्या गटाची अडचण खरी आहे, पण तिचे मूळ हक्कांच्या शब्दांत नाही. ते एका वेगळ्या नियमात आहे आणि तो नियम आपण साध्या बहुमताने दुरुस्त करू शकता. तिथपर्यंत मी शेवटी येईन.

प्रथम खेळाच्या रचनेविषयी थोडे सांगतो. अमेरिकेत इंडियाना राज्यातील अर्लहॅम महाविद्यालयात त्या वेळी तत्त्वज्ञान शिकवणारे पीटर सूबर यांनी हा खेळ तयार केला आणि जून १९८२ मध्ये डग्लस हॉफस्टॅटर यांच्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील सदरातून तो सर्वदूर पोचला. राज्यघटनेतील दुरुस्तीचे कलम स्वतःलाच दुरुस्त करू शकते का, या कायद्याच्या तत्त्वज्ञानातील कोड्यावर सूबर त्या काळात काम करत होते आणि खेळ त्याच विचारातून निघाला. त्यांच्या मूळ संचात १०१ ते ११६ हे सोळा नियम अपरिवर्तनीय आणि २०१ ते २१३ हे तेरा नियम परिवर्तनीय आहेत. नियम कसे बदलायचे, यापलीकडे हा संच फारसे काही सांगत नाही. बाकीचा खेळ खेळाडूंनी आपल्या प्रस्तावांतून उभा करायचा असतो. अपरिवर्तनीय नियमही कायमचा अढळ नसतो. नियम १०९ नुसार तो एकमताने परिवर्तनीय वर्गात आणता येतो आणि त्यानंतर इतर नियमांसारखाच बदलता किंवा रद्द करता येतो.

या सोळा नियमांकडे नीट पाहिले तर त्यांतील कित्येक खेळाडूंचे हक्कच आहेत, जरी तसे नाव त्यांना दिलेले नाही. प्रत्येक खेळाडू मतदार आहे (१०५). कोणताही बदल पूर्वलक्षी प्रभावाने लागू होत नाही (१०७). संदिग्ध किंवा खेळाला घातक वाटणाऱ्या प्रस्तावावर मतदानापूर्वी वाजवी वेळ चर्चा झाली पाहिजे (१११). दंड सोसण्याऐवजी खेळ सोडून देण्याची मुभा खेळाडूला नेहमी असते, आणि ज्याला शिक्षा व्हायची त्याच्या स्वतःच्या मते पराभवाहून वाईट ठरेल अशी शिक्षा कोणालाही देता येत नाही (११३). ज्या गोष्टीला नियमांनी मनाई केलेली नाही आणि जिचे नियमनही केलेले नाही, ती करण्यास मोकळीक आहे, अपवाद फक्त नियम बदलण्याचा (११६). शब्द मोजके आहेत, पण त्यांचा पल्ला मोठा आहे, आणि माझ्या मते सूबर यांनी ते जाणूनबुजून असे ठेवले.

या हक्कांची किंमत खेळाच्या सुरुवातीला कोणाच्या लक्षात येत नाही, याचे कारण नियम २०३ मध्ये आहे. दुसरी फेरी पूर्ण होईपर्यंत प्रत्येक बदलाला एकमत लागते, म्हणजे प्रत्येक खेळाडूच्या हाती नकाराधिकार असतो. ज्याला कोणताही प्रस्ताव एकट्याने थांबवता येतो त्याला हक्कांचे वेगळे संरक्षण लागतच नाही, त्यामुळे त्या काळात हे नियम नुसती शोभा वाटतात. बहुमताचा टप्पा सुरू झाला की नकाराधिकार एका रात्रीत जातो आणि अल्पमतातील खेळाडूपाशी या नियमांखेरीज काहीच उरत नाही. आपल्या गटाने हक्क छाटण्याचा विचार नेमका या वळणावर सुरू केला आहे, हे मला काळजीचे वाटते. पहिल्या दोन फेऱ्यांच्या अनुभवावरून ‘यांची गरज पडत नाही’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे उन्हाळ्यात घर शाकारून घ्यायचे टाळण्यासारखे आहे. सूबर यांनी बहुमताच्या टप्प्यासाठी नियम २०४ मध्ये, मंजूर झालेल्या प्रस्तावाविरुद्ध मत देणाऱ्याला दहा गुण ठेवले आहेत. म्हणजे विरोधाला जागा हवी याची जाणीव मूळ रचनेतच होती. पण गुण म्हणजे भरपाई, संरक्षण नव्हे.

आता नेमक्या शब्दांच्या यादीकडे वळतो. नेमके शब्द हवेत ही मागणी ऐकायला शहाणपणाची वाटते आणि ज्या व्यवस्थेत बाकीचे शब्द स्थिर असतात तिथे ती योग्यही असते. नॉमिकमध्ये मात्र हक्काभोवतीचे सगळेच शब्द बदलत असतात. ज्या संकल्पनांवर हक्क टेकलेला असतो त्या संकल्पना पुढच्या प्रस्तावात नव्याने ठरवता येतात, म्हणून हक्क जितका नेमका तितके त्याला वळसा घालणे सोपे.

मी ज्या एका गटात निवाडे देत होतो, तेथील प्रसंग तपशिलाने सांगतो, कारण सगळा मुद्दा त्यात उघड दिसतो. खेळ ईमेलवर चालला होता, बहुतेक खेळाडू पुण्यात होते आणि एक जण कॅलिफोर्नियात. मतदानाला उशीर होतो म्हणून कोणीतरी प्रस्ताव आणला की मुदतीत मत न देणारा खेळाडू पुढील फेरीपुरता ‘प्रेक्षक’ समजला जाईल. प्रस्ताव निरुपद्रवी दिसत होता आणि सहज मंजूर झाला. काही दिवसांनी दुसरा प्रस्ताव आला की मतदानाची मुदत बारा तासांची असावी. तोही मंजूर झाला, कारण पुण्यात संध्याकाळी पाठवलेल्या प्रस्तावावर सकाळी मत देणे कोणालाच अवघड नव्हते. कॅलिफोर्नियातील खेळाडू मात्र कामाच्या दिवसात सापडला. पुण्यात संध्याकाळी सातला पाठवलेला प्रस्ताव त्याच्याकडे पहाटे पोचला, बारा तास संपले तेव्हा तो अजून कचेरीतच होता, आणि घरी येऊन ईमेल उघडले तेव्हा तो प्रेक्षक झालेला होता. नियम १०५ म्हणतो की प्रत्येक खेळाडू मतदार आहे. पण तो आता खेळाडूच राहिला नव्हता, म्हणून त्या नियमाचे अक्षर कोठेही मोडले गेले नव्हते. त्याच्या गैरहजेरीत त्याच्याविरुद्ध दोन प्रस्ताव संमत झाले. कोणाच्याही मनात वाईट हेतू होता असे मला वाटत नाही. वेगवेगळ्या हेतूंनी आणलेले दोन चांगले नियम एकत्र आले आणि एक माणूस खेळाबाहेर गेला.

निवाडा माझ्याकडे आला. नेमक्या शब्दांची यादी असती तर माझे हात बांधलेले असते, कारण ‘प्रेक्षक’ हा दर्जा यादी करणाऱ्याला सुचणे शक्यच नव्हते. मला आधार मिळाला तो नियम ११३ च्या व्यापक शब्दांचा. तो नियम म्हणतो की दंड सोसायचा की खेळ सोडायचा हे खेळाडूने ठरवायचे आणि कोणती शिक्षा पराभवाहून वाईट हे ज्याला ती भोगायची आहे त्याच्या मतावर आहे. खेळाडूपण काढून घेणे ही उशिराबद्दलची शिक्षाच आहे. हरलेल्या माणसाने निदान आपला डाव खेळलेला असतो, याला तर खेळातच घेतले गेले नव्हते, आणि आपल्या दृष्टीने हे हरण्याहून वाईट आहे असे त्याने स्पष्ट सांगितले. अपरिवर्तनीय नियम परिवर्तनीयाहून श्रेष्ठ असल्यामुळे (११०) प्रेक्षकाचा नियम त्याच्यापुरता निष्प्रभ ठरला. गटाने पुढच्याच फेरीत मुदत अठ्ठेचाळीस तासांची केली. ज्यांनी मूळ प्रस्ताव आणले होते त्यांनीच ही दुरुस्तीही मांडली.

अगोरा या जुन्या ऑनलाइन नॉमिकमध्ये हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर पुढे आला. जून १९९३ पासून अगोरा अखंड चालू आहे, त्यामुळे हक्कांच्या शब्दांची तिथे जेवढी परीक्षा झाली तेवढी क्वचितच दुसरीकडे झाली असेल. या शतकाच्या पहिल्या दशकात तेथील नियम १०१ मध्ये हक्कांची सनद होती. तिच्यातील बरेच हक्क खेळाडूंना नव्हे, तर ‘प्रत्येक व्यक्तीला’ दिलेले होते. वाद सोडवण्यासाठी औपचारिक प्रक्रिया सुरू करणे, आपल्या स्पष्ट संमतीशिवाय कोणत्याही कराराने बांधले न जाणे, वाचण्याची वाजवी संधी न मिळालेल्या दुरुस्तीने न बांधले जाणे, चर्चेच्या व्यासपीठांवर सहभागी होणे, एकाच कृत्याबद्दल दोनदा दंड न होणे, हे त्यांतले काही. खेळाडूचा दर्जा बदलून हक्क काढून घेण्याची वाट तिथे ‘व्यक्ती’ या शब्दाने बंद केली होती. याची किंमतही अगोराने मोजली. करारातून जन्मलेल्या भागीदाऱ्यांनाही काही काळ व्यक्ती मानले गेले, त्या खेळाडू म्हणून नोंदवल्या जाऊ लागल्या, आणि मग जिवंत माणसे व कागदी व्यक्ती यांच्यात फरक करण्यासाठी नवे नियम लिहावे लागले. मला हा सौदा तरीही फायद्याचा वाटतो. कागदी व्यक्ती आत शिरली तर तिला नंतर बाहेर काढता येते. जिवंत खेळाडू मताविना बाहेर गेला तर त्याला परत आणणारे मत उरत नाही.

भारतीय वाचकाला हा भेद अनोळखी नाही. आपल्या राज्यघटनेत अनुच्छेद १९ मधील स्वातंत्र्ये नागरिकांना आहेत, पण अनुच्छेद १४ आणि २१ मधील संरक्षण कोणत्याही व्यक्तीला आहे. अनुच्छेद २१ तर एका वाक्याचा आहे. १९५० मध्ये गोपालन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो अरुंद अर्थाने वाचला, १९७८ मध्ये मनेका गांधी खटल्यात त्याचा अर्थ रुंदावला, आणि २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणाचा हक्क मान्य करताना मुख्य आधार घेतला तो याच अनुच्छेदाचा. मोबाइल आणि कोट्यवधी लोकांच्या बोटांच्या ठशांच्या संगणकीय साठ्याची कल्पना १९४९ मध्ये घटना लिहिणाऱ्यांनी केली नव्हती. तरी त्यांचे वाक्य त्या प्रश्नाला पुरले. नॉमिकमध्ये असे सत्तर वर्षांचे अंतर सात प्रस्तावांत कापले जाते, म्हणून तिथे व्यापक वाक्याची गरज आणखी मोठी.

आपल्या गटातील नेमकेपणाच्या बाजूचे खेळाडू बहुधा नियम ११६ वर सर्वाधिक नाराज असतील. ‘मनाई नाही ते सर्व करता येते’ याचा आधार घेऊन कोणीतरी स्वतःच्या गुणांत हवी तशी भर घालेल, ही भीती मी जवळजवळ प्रत्येक गटात ऐकली आहे. पण नियमाचे शब्द ‘मनाई केलेली किंवा नियमन केलेली’ असे आहेत. गुण कसे मिळतात याचे नियमन नियम २०२ करतो, म्हणून त्याबाहेर गुण घेण्याची मोकळीक ११६ देत नाही. निवाडा देणाऱ्याने एवढे एकदा नीट लिहून ठेवले की ही पळवाट मिटते. याच्या उलट, ‘नियमाने परवानगी दिली तेवढेच करता येईल’ असा बदल केला तर दोन डावांच्या मध्ये एकमेकांना फोन करायलासुद्धा नियम दाखवावा लागेल, प्रत्येक नव्या नियमात परवानग्यांची लांबलचक जंत्री घालावी लागेल, आणि एखादी परवानगी लिहायची राहिली की वाद होईल. वाद कमी होणार नाहीत, फक्त हरकत घेणाऱ्याऐवजी काही करू पाहणाऱ्यावर सिद्ध करण्याचे ओझे पडेल.

व्यापक हक्कांचा माझ्या लेखी सर्वांत मोठा उपयोग अल्पमताच्या रक्षणाहूनही वेगळा आहे. ते असतात तेव्हाच बहुमताला धाडसी नियम करता येतात. हक्क नसलेल्या किंवा अरुंद हक्कांच्या खेळात प्रत्येक प्रस्तावात सापळा असू शकतो, म्हणून शहाणा खेळाडू सगळ्यालाच नाही म्हणतो. फेटाळलेल्या प्रस्तावाबद्दल मांडणाऱ्याचे दहा गुण जातात (२०६), म्हणून मांडणारेही हळूहळू निरुपद्रवी, कंटाळवाणे प्रस्ताव आणू लागतात आणि खेळ कोमेजतो. मी पाहिलेल्या सर्वांत रंगलेल्या खेळांत चलन होते, लिलाव होते, कर होता, आणि दोषी खेळाडूला काही फेऱ्या गुण मिळवू न देणारी कोठडीही होती. कोठडीच्या प्रस्तावाला तिथे जवळजवळ सर्वांनी होकार दिला, कारण कोठडीत गेलो तरी मत राहील, बोलता येईल, निवाडा मागता येईल आणि अगदीच नको झाले तर निघून जाता येईल, हे प्रत्येकाला ठाऊक होते. जास्तीत जास्त किती गमवावे लागेल हे ठरलेले असले की माणूस नव्या गोष्टीला तयार होतो. यांतही निघून जाण्याचा हक्क मला सर्वांच्या मुळाशी वाटतो. ज्याला उठून जाता येत नाही त्याच्या होकाराला अर्थ उरत नाही, आणि खेळाडूंच्या होकाराखेरीज या खेळाच्या नियमांना दुसरे बळ नाही.

व्यापक हक्कांचे तोटे मी नाकारत नाही. दोन व्यापक हक्क एकमेकांवर आदळू शकतात, आणि नियम २१३ मुळे ही बाब नुसती त्रासाची राहत नाही: एखादी चाल सारखीच वैध आणि अवैध ठरली, तर डाव पूर्ण करू न शकणारा पहिला खेळाडू विजयी होतो. कसलेला खेळाडू हक्कांच्या अशा सांध्यावर मुद्दाम बोट ठेवतो. त्यावर उपाय हक्क अरुंद करण्यात नाही. हक्क संख्येने थोडे ठेवावेत आणि ते आपसात भिडले तर कोणता वरचढ, हे लिहून ठेवावे. पाच-सहा पुरतात. मी क्रम लावायचा झाला तर निघून जाणे, मत, निवाडा मागणे आणि बोलणे यांना याच क्रमाने वर ठेवीन.

तरीही गटाला हक्कांचे शब्द बदलायचेच असतील, तर प्रक्रियेतील एक धोका आधी समजून घ्यावा. नियम १०३ नुसार अपरिवर्तनीय नियमात थेट दुरुस्ती करता येत नाही. आधी एकमताने तो परिवर्तनीय करावा लागतो आणि मग वेगळ्या प्रस्तावाने बदलावा लागतो. एका डावात एकच प्रस्ताव मांडता येत असल्यामुळे या दोन पायऱ्यांच्या मध्ये तो हक्क साध्या बहुमतापुढे उघडा पडतो आणि पुढच्या डावाचा खेळाडू तो सरळ रद्द करायलाही मांडू शकतो. शिवाय नियम १०८ नुसार वर्ग बदललेल्या किंवा दुरुस्त झालेल्या नियमाला त्या प्रस्तावाचा नवा, म्हणजे ३०१ किंवा त्यापुढचा क्रमांक मिळतो, आणि परिवर्तनीय नियमांच्या संघर्षात लहान क्रमांक वरचढ असतो (२११). काल सर्वांच्या वर असलेला हक्क आज दोनशेच्या घरातील कोणत्याही नियमाखाली जातो. ‘हा नियम इतर सर्व परिवर्तनीय नियमांहून वरचढ आहे’ असे वाक्य त्याच्यातच असेल तरच तो तरतो, कारण २११ अशा वाक्याला क्रमांकाहून अधिक मान देतो. चांगल्या हेतूने दुरुस्तीला काढलेले हक्क या फटीत कायमचे गमावल्याचे मी पाहिले आहे.

आता खोळंब्याकडे येतो. आपला खेळ अडतो तो नियम २१२ मुळे. त्यात तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत. कोणाही एका खेळाडूने आग्रह धरला की निवाडा मागितला असे होते; निवाडा मागितला की इतरांच्या बहुमताच्या संमतीशिवाय पुढचा डाव सुरू होत नाही; आणि निवाडा देणारा दर डावाला बदलतो व आधीच्या निवाड्याने तो बांधलेला नसतो. म्हणजे एकच हरकत सात वेळा घेता येते, सात वेळा खेळ थांबवता येतो आणि सात वेगळी उत्तरे मिळू शकतात. हक्क कितीही आखूड केले तरी ही यंत्रणा तशीच राहील आणि भांडण यादीतल्या नेमक्या शब्दांवरून सुरू होईल. पहिली गोष्ट, म्हणजे कोणालाही निवाडा मागता येणे, हा मोलाचा हक्क आहे आणि त्याला हात लावू नये. बाकीच्या दोन बदलाव्यात.

नियम २१२ परिवर्तनीय आहे, त्यामुळे आता साधे बहुमत पुरेल. मी दोन वेगळे प्रस्ताव आणायला सांगेन, कारण एकाच प्रस्तावात दोन बदल घातले तर नियम १११ च्या आधारे त्यावरच हरकत येईल. पहिल्यात म्हणावे की निवाडा प्रलंबित असताना खेळ पुढे चालेल, फक्त वादातील नियमाचा परिणाम तोवर स्थगित राहील. दुसऱ्यात म्हणावे की प्रत्येक निवाडा कारणांसह लिहून सर्वांना पाठवला जाईल आणि पुढील निवाडा देणारा तो पाळेल. वेगळे मत द्यायचे तर कारण लिहून देईल. अगोरात नियम संदिग्ध असेल तेथे खेळाचा प्रघात, व्यवहारज्ञान, पूर्वीचे निवाडे आणि खेळाचे हित यांचा विचार करायला सांगितले आहे. ते वाक्य आपल्या दुसऱ्या प्रस्तावात जसेच्या तसे चालेल. दोन्ही मंजूर झाल्यावर एक पूर्ण फेरी तशीच खेळावी आणि त्या फेरीत हक्कांच्या आधारे नव्या कोणत्या हरकती आल्या ते निवाड्यांच्या नोंदीतून पाहावे. एखादा हक्क तेव्हाही वारंवार अडचणीचा ठरत असेल, तर तो कोणता आणि नेमका कोणत्या शब्दापाशी, हे त्या नोंदीत लिहिलेले सापडेल, आणि मग एकमत मागायला सर्वांसमोर ठेवण्यासारखे काही हाती असेल.